सूत्रधाराला बाहेर काढल्यावर

मराठी रंगभूमी एका नाराज प्रेक्षकामुळे जन्माला आली, असं म्हटलं तर नाट्यप्रेमी सांगलीकरांनी रागावू नये. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा संच सांगलीत आला आणि त्यांनी पुराणातल्या आख्यानांचे खेळ करून दाखवले. संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांना ती कल्पना आवडली, पण त्या खेळातला रांगडेपणा रुचला नाही. आपल्या पदरच्या विष्णू अमृत भावे या तरुणाला त्यांनी सांगितलं, की असंच काही मराठीत कर, पण नीटनेटकं कर. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगलं, आणि आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळू लागलो.

आप्पासाहेबांचं दुखणं आजच्या वाचकाला ओळखीचं वाटेल. रामायण त्यांच्या मनात आधीपासून होतं. त्यातला मारुती किती उंच उडी मारतो, रावण कसा हसतो, हे ज्याचं त्याने ठरवून ठेवलेलं असतं. मग कुणी तरी तोंडाला रंग फासून समोर उभा राहतो आणि म्हणतो, मी तो रावण. आपण बघतो आणि मनात म्हणतो, तू नव्हेस. फरक एवढाच, की आप्पासाहेबांकडे संस्थान होतं. त्यांना दुसरा खेळ करून घेता आला. आपण तिकिटाचे पैसे देऊन, मध्यंतरातला महागडा पॉपकॉर्न खाऊन, गप घरी येतो.

आवडत्या अद्भुत पुस्तकावरचा चित्रपट वाचकाला बहुधा निराश का करतो, या प्रश्नाचा आढावा सातारा-सांगलीच्या मुलखातून घेण्यात गंमत आहे. एका जिल्ह्याचे दोन झालेले हे भाग; १९४९ पासून १९६० पर्यंत तर सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. या पट्ट्यानं मराठीला अण्णा भाऊ साठे दिले, दोन्ही माडगूळकर दिले, वि. स. खांडेकर दिले, ना. सं. इनामदार दिले. या सगळ्यांच्या लेखनाचा रंगमंचाशी, आकाशवाणीशी किंवा पडद्याशी कधी ना कधी संबंध आला. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर तर निम्म्या हिंदी सिनेमानं पाय धुतले आहेत. आणि महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. म्हणजे पुस्तक आणि कॅमेरा, दोन्हींची इथं जुनी ऊठबस.

कुणी म्हणेल, फँटसी म्हणजे चेटक्या, बुटके, आग ओकणारे सर्प. ते आपल्याकडे कुठं? हा आक्षेप मला पटत नाही. आपल्याकडे अद्भुत हा नऊ रसांतला एक हक्काचा रस आहे. ज्या घरात संजीवनी विद्येनं मेलेला कच उठतो आणि बाप आपलं म्हातारपण मुलाला देऊन टाकतो, अशा गोष्टी झोपताना सांगितल्या जातात, त्या घराला अद्भुताची शिकवणी नको. फक्त आपल्या अद्भुतानं वेगळं कपाट निवडलं नाही. ते पुराणात राहिलं, पोवाड्यात राहिलं, गावच्या बंडखोराच्या घोड्यावर बसलं.

आधी जगाकडे एक नजर टाकू, म्हणजे ही तक्रार फक्त आपली नाही हे कळेल.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर चित्रपट करण्यासाठी १९५८ साली टोल्किनकडे एक आराखडा आला, तेव्हा त्यानं ओळ न ओळ तपासून लांबलचक फटकारणारं पत्र लिहिलं. तो चित्रपट झालाच नाही. पुढे पीटर जॅक्सननं २००१ ते २००३ मध्ये तीन चित्रपट केले, तिसऱ्याला ११ ऑस्कर मिळाली, तरी टोल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर अखेरपर्यंत नाराजच राहिला. तरुण पोरांसाठी केलेला मारधाडपट, असं त्याचं मत. ‘मेरी पॉपिन्स’ची लेखिका ट्रॅव्हर्स १९६४ मध्ये पहिल्या खेळाला थिएटरात रडली, आणि ते आनंदाश्रू नव्हते. मिखाएल एंडे या जर्मन लेखकानं ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या १९८४ च्या चित्रपटातून आपलं नाव काढा म्हणून कोर्टाची पायरी चढली आणि तो हरला. अर्सुला ली ग्विननं आपला नायक गेड मुद्दाम तांबूस-तपकिरी वर्णाचा रंगवला होता; २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेनं त्याला सरळ गोरा करून टाकला. बाईंनी लेख लिहून वाभाडे काढले.

या सगळ्यांत एंडेचं दुखणं मला सर्वांत खरं वाटतं. त्याचं पुस्तकच एका वाचणाऱ्या मुलाबद्दल आहे. बास्टियन पुस्तक वाचतो आणि वाचता वाचता पुस्तकात जातो. छापताना दोन जगांसाठी दोन रंगांची शाई वापरली होती. चित्रपटानं साधारण पहिला अर्धा भाग घेतला, उडणारा पांढरा प्राणी दाखवला, आणि वाचणाऱ्या मुलाला त्याचा प्रेक्षक करून ठेवला. गोष्ट जवळपास तीच राहिली, पण ती कुणाच्या डोळ्यांतून येते हे बदललं.

इथं मी माझी बाजू मांडून टाकतो. वाचकाची बोलून दाखवलेली तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. ‘अमका प्रसंग गाळला’, ‘तमक्याचे डोळे हिरवे होते’, ‘टॉम बॉम्बाडिल कुठं गेला’, हे आपण म्हणतो, कारण ते बोट ठेवून दाखवता येतं. गाळल्यावाचून चित्रपट होत नाही. पाचशे पानं अडीच तासांत बसवायची तर कात्री लागणारच, हे पोरालाही कळतं. खरं दुखतं ते दुसरीकडे. पुस्तक आपल्याला कुणी तरी सांगत होतं. त्या सांगणाऱ्याची एक लकब होती, एक पक्षपात होता, कुठं थांबायचं आणि कुठं धावायचं याची खोड होती. चित्रपटवाले गोष्ट उचलतात आणि सांगणाऱ्याला दाराबाहेर ठेवतात.

‘द हॉबिट’ हे याचं उत्तम उदाहरण. १९३७ सालचं ते लहानसं पुस्तक म्हणजे एखाद्या खुशालचेंडू काकानं मुलांना गोळा करून सांगितलेली गोष्ट आहे. काका मध्येच थांबतो, मुलांना कोपरखळी मारतो, पुढं काय होणार ते आधीच फोडतो. २०१२ ते २०१४ मध्ये त्याचे तीन लांबलचक चित्रपट झाले. पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची योद्धी आली, तिची प्रेमकहाणी आली, लढाया तर संपेनात. काका मात्र नाही. सांगलीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये माझ्या मागच्या रांगेत एक मुलगी वडिलांना कुजबुजत होती, “पप्पा, हे पुस्तकात न्हाईच.” वडील म्हणाले, “असू दे की. त्येंनी घातलंय. तू बघ गप.” वडिलांचा सल्ला व्यवहारी होता. पण पोरीचं चुकलं नव्हतं. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीतून वाचून मोठी झालेली ही पिढी आहे, ती हिशेब विचारणारच.

आता परत सांगलीत येऊ. भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ची मांडणी आज वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या नाटकात पात्रांचं बोलणं लिहून ठेवलेलं नसे. पात्रं ऐन वेळी, आपल्या हुशारीनं बोलत. लिहिलेली असत ती पदं, आणि ती म्हणायची सूत्रधारानं. सूत्रधार सुरुवातीला नमन करून विंगेत जात नसे. खेळ संपेपर्यंत तो रंगमंचावर उभा. कथा तो गात गात पुढं नेई आणि राम, सीता, रावण त्याच्या गाण्यातून बाहेर येऊन दोन शब्द बोलून परत त्यात जात. राक्षस आले की आरडाओरडा इतका होई, की पुढच्या काळात अशा पौराणिक खेळांना ‘अललडुर्र’ नाटकं म्हणून हिणवलं गेलं. म्हणजे आप्पासाहेबांनी ज्याला नाक मुरडलं होतं, तो रांगडेपणा मागल्या दारानं आलाच. पण कथा सांगणारा जागेवर होता, म्हणून पोथी ऐकणारा माणूस आणि नाटक बघणारा माणूस यांत फार अंतर पडलं नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेल्यावर भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे केले, १८५३ मध्ये मुंबई गाठली. पुराण पाठ असलेल्या लोकांनी ते खेळ डोक्यावर घेतले.

शंभर वर्षांनी याच मुलखातल्या, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी तेच रामायण पुन्हा हातात घेतलं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ झालं. ५६ गीतं, संगीत सुधीर फडक्यांचं. वाल्मीकींचा केवढा तरी भाग गदिमांनी सोडून दिला. कुणी तक्रार केली? माझ्या ऐकण्यात नाही. कारण प्रत्येक गीत कुणाच्या तरी तोंडी आहे आणि पहिल्याच गीतात गदिमांनी सांगणारे आणून उभे केले: रामापुढे त्याचीच कथा गाणारे कुश आणि लव. वाल्मीकींची कथा कापली, पण कथा कोण, कुणाला आणि का सांगतो आहे, याला हात लावला नाही. शिवाय ते सगळं कानावर होतं. सीतेचा चेहरा ज्यानं त्यानं आपला ठेवला.

चेहऱ्याचा हा मुद्दा वाटतो त्याहून अवघड आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९१६ साली त्यांनी आपल्या चित्रांचं रामायण प्रसिद्ध केलं. राजा असो की रंक, सीतेला एकदा नाक काढलं की ते नाक झालं. पुढे १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या मालिकेनं घरोघरच्या रामाला अरुण गोविलचा चेहरा दिला आणि तो निघता निघेना. पुस्तक वाचून झाल्यावर चित्रपट पाहिला तर निदान भांडता तरी येतं. आधी चित्रपट पाहून मग पुस्तक उघडणाऱ्या मुलाला भांडायलाही जागा उरत नाही. हॅरी म्हटलं की डॅनियल रॅडक्लिफ. शक्य तिथं मुलांच्या हातात आधी पुस्तक द्यावं, या मताचा मी आहे आणि त्यावर घरात वाद घालून हरलेलाही आहे.

अण्णा भाऊंपाशी मात्र जरा जास्त थांबावं लागेल.

१ ऑगस्ट १९२० ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेल्या या लेखकाच्या इतक्या कादंबऱ्या पडद्यावर गेल्या, की त्यावरून कुणालाही हेवा वाटावा. ‘वैजयंता’ १९६१ मध्ये आला, ‘फकिरा’ १९६३ मध्ये. पुढे ‘आवडी’चा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ झाला, ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’, ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरली मल्हारीरायाची’. हे तिन्ही १९६९ चे. १९७० मध्ये ‘वारणेचा वाघ’ आणि १९७४ मध्ये ‘अलगूज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले, म्हणजे शेवटचे दोन तर त्यांना दिसलेच नाहीत.

नावंच बघा. ‘अलगूज’ म्हणजे गुराख्याच्या हातातला पावा, एका श्वासात वाजणारा. त्याची ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ झाली, की पोस्टरवरच फेटा, ढोलकी आणि डोळा मारणारी नायिका उभी राहते. ‘माकडीचा माळ’ हा भटक्या-विमुक्तांच्या पालांचा माळ. त्याची ‘डोंगरची मैना’ झाली. तमाशापटाच्या बाजारात मैना खपते, माळ खपत नाही, हे वितरकाला ठाऊक होतं. मी त्या वितरकाला दोष देत नाही. तंबूतल्या बाकावर गर्दी करायची तर नाव खणखणीत लागतं. पण वाटेगाव-वारणेच्या पट्ट्यात ज्यांनी ही पुस्तकं हातोहात फिरवून वाचली, त्यांची निराशा थिएटरच्या दारावरच सुरू होत असणार.

‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी. तिला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि तिची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. ती सुरू कशी होते, हे मात्र पुन्हा वाचण्यासारखं आहे. जोगणी ही जत्रेच्या मानाची वस्तू; ती ज्या गावात, जत्रा त्या गावाची. शिगावात जोगणी आहे, वाटेगावात नाही; म्हणून वाटेगावाला जत्रा नाही. फकिराचा बाप राणोजी मांग ती आणायला जातो. परक्या गावच्या जत्रेत, तलवारी घेऊन उभ्या असलेल्या माणसांमधून जोगणी उचलायची, आपली शीव गाठायची, आणि शिवेच्या आत पोचलेल्याला हात लावायचा नाही हा दंडक. राणोजी जोगणी आणतो आणि त्यात जीव गमावतो. गबऱ्या घोड्याचं धावणं, रात्र, शीव, सारं आपल्या अंगावर येतं.

इंग्रजी राजवट, गुन्हेगार जमातीचा कायदा, दुष्काळ, खजिन्याची लूट हे सारं पुढं येतं आणि ते इतिहासाच्या मातीचं आहे. पण पाया त्या जोगणीचा. एक वस्तू, तिच्यात गावाची प्रतिष्ठा, ती मिळवण्यासाठी एकानं एकट्यानं जाणं: जगातल्या कुठल्याही अद्भुतकथेला शोभेल असा हा प्रारंभ आहे, आणि टोल्किनची अंगठी वाचण्याच्या कितीतरी आधी आमच्या भागातल्या पोरांनी तो वाचलेला आहे. तो सांगणारा आवाज शाहिराचा आहे. अण्णा भाऊंचं वाक्य कादंबरीकारासारखं तोलून मापून येत नाही. डफावर थाप पडल्यासारखं येतं, माणसाला आहे त्यापेक्षा वीतभर उंच करतं. लेखकाला आपला फकिरा थोर वाटतो आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नाही. कॅमेऱ्यासमोर घोड्यावर बसलेला नट हा मात्र जेवढा असतो तेवढाच उंच दिसतो. म्हणून अण्णा भाऊंवरचे चित्रपट कथेशी कितीही प्रामाणिक राहिले, तरी पुस्तक वाचलेल्या माणसाला ते लहान वाटत राहतात. उंची शाहिरीत होती. कुणी दिग्दर्शक उद्या शाहिरालाच चौकटीत उभा करील, तर गोष्ट वेगळी.

धाकट्या माडगूळकरांचं नेमकं उलटं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. दीडशेच्या आतबाहेर पानं. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीवर पोरसवदा मास्तर येतो, शाळा जमवतो, तालीम बांधून घेतो, तिच्या उद्घाटनाला साक्षात औंधचे राजे येतात, आणि मग दुष्काळ सगळी वाडी उठवून नेतो. यात अद्भुत काही नाही असं वाटतं. पण शहरातल्या वाचकाला ती वाडी एखाद्या परक्या ग्रहासारखी वाटते, आणि तिच्यात शिरताना त्याच्या बरोबर एकच माणूस असतो: राजाराम मास्तर. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिचा चित्रपट केला, कारभारी म्हणून चंद्रकांत मांडरे होते, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मी तो आदरानं पाहिलेला आहे. माळ खरा आहे, मेंढरं खरी आहेत, घाई कुठंच नाही. कादंबरीवरच्या मराठी चित्रपटांत इतकी सभ्य कामं थोडी. तरी एक चुटपुट लागते. पुस्तकात मास्तर दिसत नाही, मास्तरच्या डोळ्यांनी दिसतं. पडद्यावर मास्तरच दिसू लागतो. वाडीतला एक माणूस तोही होतो, आणि आपण कुणाबरोबर आलो होतो ते आपल्याला आठवेनासं होतं.

इथं कुणी म्हणेल, मग पडद्यामागून निवेदन घालावं, प्रश्न मिटला. मिटत नाही. खटाव तालुक्यातल्या गोरवाडीच्या ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. संजय लीला भन्साळींनी तिच्यावरून २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ केला, आणि सुरुवातीला इरफान खानचा आवाज आहे. ‘छावा’ या शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरच्या २०२५ च्या चित्रपटात अजय देवगणचा आहे. दोन्ही भारदस्त आवाज. पण ते माहिती देऊन निघून जातात. त्या कथेत त्यांचं काही अडकलेलं नाही. सूत्रधार तो, ज्याचं कथेशी देणंघेणं असतं.

‘बाजीराव मस्तानी’वर ‘पिंगा’ या गाण्यामुळे जो गदारोळ झाला, तो आठवत असेल. काशीबाई आणि मस्तानी हातात हात घालून नाचतात. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, काशीबाईंना पायाचं दुखणं होतं याची आठवण लोकांनी करून दिली. ‘छावा’च्या वेळी तर लेझीम खेळणारे संभाजीराजे प्रदर्शनाआधीच कापावे लागले. वाचकाच्या किंवा वाचकाच्या नावाने बोलणाऱ्यांच्या नाराजीला आज इतकी ताकद आली आहे. मला ती थोडी धास्तीचीही वाटते. इतिहासाच्या बाबतीत पुरावा मागणं एक. कादंबरीच्या बाबतीत ‘माझ्या मनातलाच दाखव’ म्हणणं दुसरं. इनामदारांचा राऊ हाही इनामदारांनी घडवलेला होता. आपण ‘राऊ’वर प्रेम केलं ते इतिहास तपासून नव्हे. भन्साळींवर राग असलाच तर तो आरशाच्या महालांत माणूस हरवला म्हणून असावा. नाचला म्हणून नव्हे.

मग जमलंय कुठं? माझं उत्तर पुष्कळांना खटकेल: ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला, तेव्हा थोड्यांनी पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा गर्दी लोटली. त्याच्या मुळाशी नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा आहे. धारप म्हणजे शंभरावर पुस्तकांचा धनी, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचनालयांत ज्यांची पुस्तकं बांधणी सुटेपर्यंत फिरली असा लेखक. धारपांनीही ती कल्पना स्टीफन किंगच्या एका कथेवरून घेतलेली, तेव्हा शुद्धतेच्या गप्पा इथं कुणी करू नयेत. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, पण त्या कादंबरीतलं नावाशिवाय काहीच नाही, आणि खोतांची कहाणी समजून गेलेले पेंडशांचे वाचक डोकं धरून बाहेर आले असतील. हस्तर नावाचा लोभी देवपुत्र धारपांत नाही. सोन्याची मोहोर नाही, १९१८ ते १९४७ चा काळ नाही. वर भाषा हिंदी. कोकणस्थ घरातली बाई हिंदीत बोलते, याची बोच मराठी माणसाला राहणारच, मलाही राहिली.

इतकं सगळं बदलूनही धारपांचा वाचक तिथं घरी आल्यासारखा बसतो. एका पोरापाशी एक भयानक म्हातारी, तिला जागं होऊ द्यायचं नाही: ही भीती पहिल्या तासाभरात तशीच्या तशी आहे. आणि गोष्ट सांगतो कोण? चित्रपटाचा नायक विनायक, आपल्या मुलाला. ज्याला लोभ लागला आहे तोच बाप लोभाची देवकथा पोराला ऐकवतो, म्हणजे सांगण्यातूनच तो रोग पुढच्या पिढीला देतो. चित्रपट पुढं सरकतो तसं कळतं, की सुरुवातीची ती गोष्ट ऐकवणं हेच एक कृत्य होतं. धारपांच्या कथेतली पात्रं सोडली, पण अंधारात कुणी तरी जवळ बसून सांगतंय ही धारपांची रीत पकडली.

उलट उदाहरण ‘फास्टर फेणे’चं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या शाळकरी, सायकलवर टांग मारून संकटात उडी घेणारा. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा झाला, अमेय वाघनं छान केला, चित्रपट बरा चालला. पण भागवत ज्या खट्याळ, मुलांच्या कटात सामील असलेल्या सुरात सांगत, तो सूर मोठ्यांच्या रहस्यपटात कसा बसणार? चांगला चित्रपट आणि निराश वाचक, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

राहता राहिले सांगलीचे खांडेकर. १८९८ साली सांगलीत जन्मलेल्या या माणसाचा सिनेमाशी संबंध वरवरचा नव्हता. मास्टर विनायकांच्या १९३६ च्या ‘छाया’ची कथा त्यांची, पुढं ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ अशी ओळ आहे. पडदा काय मागतो आणि काय नाकारतो हे त्यांना आतून ठाऊक होतं. आणि त्यांनीच १९५९ मध्ये ‘ययाति’ लिहिली, जिच्यामुळे १९७४ चं ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा आलं. शाप, संजीवनी, तरुण मुलानं पत्करलेलं बापाचं म्हातारपण. मराठीतल्या अद्भुताचं शिखर म्हणायला हरकत नाही. ती लिहिलीय कशी? ययाति आपली कहाणी सांगतो, मग देवयानी आपली, मग शर्मिष्ठा आपली. एकच घर, तीन सांगणारे, आणि एकाचं दुसऱ्याला पटत नाही. सिनेमात मुरलेल्या लेखकानं पडद्याला सर्वांत अवघड जाईल अशी मांडणी निवडावी, हे मला योगायोग वाटत नाही.

कथा महाभारतातली, कुणाच्या मालकीची नाही. शिरवाडकरांनी तिच्यावर ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक लिहिलं, गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये ‘ययाति’ लिहिलं. रंगभूमीला ती झेपली. मोठ्या पडद्यावर, आजच्या तंत्रानं, खांडेकरांची ‘ययाति’ आणायला निघालेल्याला पैशाची अडचण येईल ती येईलच. त्याहून मोठी अडचण अशी, की पहिल्याच बैठकीत कुणी तरी म्हणेल, तीन निवेदनं कशाला, सरळ राजाचीच गोष्ट सांगू. तिथं चित्रपट संपला म्हणून समजावं.

तेव्हा निर्मात्यांना विनंती एवढीच. घोडे कमी आणा, महाल लहान बांधा, प्रसंग हवे तेवढे गाळा; वाचक कुरकुरेल आणि विसरेल. ‘ययाति’ केलीत तर शर्मिष्ठेला तिचं तिला सांगू द्या. आणि ‘फकिरा’ पुन्हा कुणी हातात घेतलाच, तर आधी एक चांगला शाहीर शोधा, नट त्याच्यानंतर.